मावशी, पाणी द्या

मास्तर रिटायर झाला त्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव होता. मी जांभळं लुगडं नेसले होते, मोठ्या काठाचं. लेकीनं घेतलेलं. सकाळपासून मी खूश. गावाकडच्या बायांनी सांगितलं होतं, रिटायर झाल्यावर जोडीनं सत्कार करतात. त्याला फेटा बांधतात, तिची ओटी भरतात. दोघांला शेजारी शेजारी खुर्चीवर बसवतात. इतक्या वर्षांच्या संसारात मी मास्तराच्या शेजारी खुर्चीवर कधी बसले नव्हते. बाकी सगळीकडं बसले. चुलीपुढं, मेंढरांत, त्याच्या आईच्या खाटेजवळ. खुर्चीवर न्हाई.

मांडवात जाऊन पुढच्या रांगेत बसले. कुणी मोठे साहेब आले होते. त्यांनी माझ्याकडं बघून मास्तराला विचारलं, "सर, ह्या कोण?"

मास्तरानं माझ्याकडं मान वळवली न्हाई. हसला. म्हणाला, "गावाकडच्या आहेत. घरी कामाला असतात."

असंच म्हणाला. एक शब्द मी बदलला न्हाई.

साहेबांनी बरं म्हणून मान हलवली. थोड्या वेळानं शिपाई आला. "मावशी, जरा मागं बसा. पाहुणे येऊन राहिले." मी उठले. काहून उठले? कुणी दंडाला धरून उठवलं न्हाई. सवयीनं उठले. मांडवाच्या मागच्या कडेला चहाचे कप भरून ठेवले होते. कुणीतरी ट्रे माझ्या हातात दिला आणि मी वाटायला लागले. जांभळ्या लुगड्यात.

स्टेजवर एक मॅडम माईकवर बोलत होत्या. त्याच शाळेतल्या. नवरा वारलेल्या. त्या म्हणाल्या, "सरांच्या सौभाग्यवती आजारी असल्यामुळे आज इथे येऊ शकल्या नाहीत." मास्तर हात जोडून उभा राहिला. शेजारची खुर्ची रिकामी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ट्रे घेऊन रांगेच्या कडेला उभी होते. एकानं माझ्याकडं न बघताच कप उचलला.

मी नवऱ्याला 'तो' म्हणते. ऐकणाऱ्याला खटकतं. आमच्यात नवऱ्याला कुणी अरेतुरे करत न्हाई. मीही जन्मभर अहो-जाहो केलं. आता न्हाई करत. खटकू द्या.

आमी धनगर. पुसेगावच्या अलीकडं आमचं खेडं. लग्न झालं तवा मला लुगडं सावरत नव्हतं. तो शिकत होता. सासऱ्याच्या मेंढ्या होत्या. सुगी उरकली की आमी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचो. शेतकरी त्याच्या रानात मेंढरं बसवायचा, खताला. बदल्यात ज्वारी द्यायचा. आज ह्या शिवारात, उद्या त्या. घर म्हणजे घोड्यावरचं बिऱ्हाड. माझा प्रकाश तसाच झाला, उघड्या रानात, मेंढरांच्या जाळीच्या आडोशाला. सासूनं विळ्यानं नाळ कापली. तिसऱ्या दिवशी मी पोटाला फडकं बांधून मेंढरांमागं निघाले. कोकरू एका काखेत, लेकरू दुसऱ्या काखेत.

मास्तर तवा हिंगोलीला खोली करून राहायचा. शिकायचा. त्याच्या शिकण्यापायी एकेक मेंढरू बाजारात गेलं. मला त्याचं काही वाटलं न्हाई. उलट अभिमान होता. आमच्या खानदानात पहिलं पोरगं मास्तर होऊन राहिलं होतं. मी मेंढरांशी बोलायचे, तुमी जा बाई, आमचा मास्तर होऊ द्या.

तो मास्तर झाला. तरी मी गावातच. त्याची बदली ह्या शाळेवरून त्या शाळेवर. शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. सुमन झाली. सासऱ्याला दम्यानं धरलं. सासू अंथरुणाला खिळली, तिचं हागणं-मुतणं मी काढलं. ती माझ्या हातावर गेली. जाताना मास्तराला म्हणाली, "हिला अंतर देऊ नको." त्यानं मान हलवली होती. मी बघितलं होतं.

सासू-सासरे गेल्यावर राहिलेली मेंढरं विकली आणि तो मला हिंगोलीला घेऊन आला. नव्या कॉलनीत त्यानं घर बांधलं होतं. पुढं फाटक, तुळस, गच्ची. मागं पत्र्याची एक खोली, अडगळीची. मला वाटलं, आता सुख लागलं.

तिथं मला कळलं, मी कशी हाय ते. फाटकात उभं राहायचं न्हाई. पाहुणे आले की बोलायचं न्हाई. "तुझी भाषा," तो म्हणायचा. एवढंच. तुझी भाषा. जसं काही तोंडातून घाण येते. "'न्हाई' नव्हे, 'नाही' म्हण." मी म्हणायचा प्रयत्न करायचे. जीभ वळायची न्हाई. शेजारीण दारात आली की मी नुसती हसायचे. त्या बाईला वाटायचं मी मुकी हाय.

मास्तर भाषण लय चांगलं करायचा. जयंती असली की त्याला बोलावणं यायचं. बायांना शिकवा, बायांना पुढं आणा, त्यांच्या पायातल्या बेड्या तोडा. माईकवर त्याचा आवाज भरून यायचा. एकदा मी बायांच्या मागं बसून ऐकलं. अंगावर काटा आला. घरी येऊन मी म्हणाले, "मला पण शिकवा की जरा. माझं नाव तरी लिहीन."

तो जेवत होता. हसून म्हणाला, "तुझ्या डोक्यात मेंढ्या भरल्यात. अक्षरांना जागा कुठंय?"

मी पण हसले. त्याच्या ताटात अजून एक भाकर वाढली.

रिटायर झाल्यावर मॅडम घरी यायला लागल्या. आधी संध्याकाळी. मग दुपारी पण. दोघं हॉलमध्ये पेपर वाचायची, एकमेकांला काही वाचून दाखवायची. मी चहा करायचे. त्या मला ताई म्हणायच्या. खोटं बोलत न्हाई, मॅडमनं मला कधी वाकडा शब्द दिला न्हाई. "ताई, तुमच्या हाताला चव आहे." त्या गोड बोलायच्या आणि मी कप विसळत राहायचे. त्या भांडल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

मग एक दिवस मास्तरानं पाहुणे बोलावले. भाऊबंद, माझा भाऊ बापू, दोन-चार म्हातारी माणसं. हॉलमध्ये बसले सगळे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला वाटलं, गावाकडची वाटणी असंल काही.

मास्तर बोलायला लागला. भाषणाच्या आवाजात. "आमचे विचार कधी जुळले नाहीत. मी आयुष्यभर सहन केलं. आता उरलेलं आयुष्य मला माझ्या मनासारखं जगायचंय."

विचार जुळायचे असतात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं भाकर जुळली की झालं.

कुणी तरी म्हणालं, "अन् हिनं कुठं जायचं?"

"जायचं कशाला? मागं खोली आहे ना. राहील, खाईल, पिईल. मी काही राक्षस नाही."

बैठकीत एकदम मोकळं वाटलं सगळ्यांला. मला दिसलं ते. मोठ्या मनाचा माणूस, एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, दुसरा कुणी असता तर हाकलून दिलं असतं. माझ्या भावानं, माझ्या पाठच्या भावानं, मास्तराला हात जोडले. म्हणाला, "दाजी, तुमचे उपकार झाले."

मला कुणी काही विचारलं न्हाई. दारात उभी होते मी. हाताला कणीक लागलेली.

प्रकाशला पुण्याला फोन लावला. मला वाटलं पोरगं तरी बोलंल. तो म्हणाला, "आई, बाबांचा पण विचार कर. तुला काही कमी पडू देणार नाहीत ते." मी फोन कानाला धरून उभी राहिले. पलीकडून त्यानं ठेवला तरी.

त्या दिवशी मी माझं गाठोडं उचललं आणि मागच्या खोलीत गेले. स्वतःच्या पायानं गेले. हे मी लपवत न्हाई. जायला जागा नव्हती आणि माझं डोकं इतकं खाली गेलं होतं की मला ते उपकारच वाटले.

पत्र्याची खोली. जुनी सायकल, रंगाचे डबे, मोडका कूलर, आणि मी. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की मी दुपारी भिंतीच्या सावलीला बाहेर बसायचे. सकाळी मोरीच्या दारातून आत जायचं, स्वयंपाक करायचा, धुणं-भांडी करायची, त्यांचं झाल्यावर आपलं ताट घेऊन मागं यायचं. मॅडम घरात राहायला आल्या. त्यांच्या गळ्यात काळी पोत आली. नवी. कॉलनीतल्या बाया बघायच्या आणि विषय बदलायच्या. माझ्याही गळ्यात पोत होती. जुनी, मणी झिजलेली. एका घरात एका माणसाच्या दोन पोती. एक हॉलमध्ये, एक मोरीत.

गच्चीवर धुणं वाळत घालायला जायचे. धुणं घालून झालं की कठड्यापाशी उभी राहायचे. खाली फरशी दिसायची. किती वेळ उभी राहायचे सांगता येत न्हाई. मनात काही यायचं न्हाई, रडू पण न्हाई. नुसती फरशी. मग गॅसवरच्या डाळीची याद यायची आणि खाली उतरायचे. डाळीनं मला वाचवलं म्हणा. माणसानं कुणी वाचवलं न्हाई.

असं एक वर्ष गेलं असंल. वर्षाच्या वर. दिवाळी आली.

प्रकाश आला, सूनबाई आली, माझी नात सान्वी आली. शाळेत जाऊन राहिली होती ती आता. आदल्या वेळी आली होती तेव्हा माझ्या मांडीवर झोपायची, माझ्या कानातल्या बुगड्या ओढायची. ह्या वेळी गाडीतून उतरली आणि सरळ आत गेली. मी मोरीच्या दारातून बघितलं. मनाला समजावलं, लेकरू हाय, विसरतं.

पाडव्याचा दिवस. सकाळी पाहुणे आले फराळाला. मास्तराचे दोस्त, त्यांच्या बायका, प्रकाशच्या ओळखीचे. हॉल भरून गेला. मॅडम भरजरी साडी नेसल्या होत्या. पाट मांडला, रांगोळी काढली. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. ओवाळणीचं ताट मी तयार केलं. निरांजनात वात मी घातली. ताट आणून मी मॅडमच्या हातात दिलं आणि दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांनी ओवाळलं. मास्तर हसत बसला होता. सगळ्यांनी फोनवर फोटो काढले.

मग मी फराळाच्या ताटल्या आणल्या. सान्वी मॅडमच्या मांडीवर बसली होती. चकली खात होती. तिखट लागली असंल. माझ्याकडं हात करून म्हणाली,

"मावशी, पाणी द्या."

मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणाली. मागं वळून बघितलं. मागं भिंत.

मी खाली बसले तिच्यापुढं. हळूच विचारलं, "बाळा, मी कोण हाय?"

"मावशी," ती म्हणाली. मग मॅडमच्या गालाला हात लावला. "ही आजी. पप्पांनी सांगितलंय."

मी प्रकाशकडं बघितलं. तो मोबाईलमध्ये बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोलला की असेच व्हायचे.

"आई, प्लीज," तो खालच्या आवाजात म्हणाला. "लोक आहेत."

लोक हायेत.

मास्तरानं मला कामवाली म्हटलं ते मी गिळलं. पाहुण्यांनी मला मागच्या खोलीत टाकलं ते गिळलं. पण ह्या लेकरानं काय केलं होतं? तिला शिकवून आणलं होतं. पाठ करून घेतलं होतं, कविता पाठ करतात तसं. उद्या ही मोठी झाली असती, हिच्या पोटी पोरं झाली असती, त्यांना हिनं सांगितलं असतं, घरात एक मावशी होती. मी मरायच्या आधी मला मिटवून टाकून राहिले होते हे लोक. माझ्या रक्ताच्या तोंडून.

मी उठले. पाण्याचा ग्लास भरला. सान्वीच्या हातात दिला. म्हणाले, "पाणी पी. अन् ऐक. मी मावशी न्हाई. तुझ्या बापाला मी जन्म दिलाय. मी तुझी आजी हाय."



मग मी पाहुण्यांकडं बघितलं. पहिल्यांदा मान वर करून बघितलं त्या हॉलमध्ये. म्हणाले, "मी ह्या माणसाची लग्नाची बायको हाय. मी आजारी न्हाई. मेलेली न्हाई. मला मागच्या खोलीत ठेवलंय."

मास्तर उठला. "डोकं फिरलंय हिचं. आत जा. आत जा म्हणतो ना!"

"आत न्हाई," मी म्हणाले. "आता बाहेर."

मोरीचं दार डाव्या हाताला होतं. मी उजवीकडं गेले. पाहुण्यांच्या मधून, रांगोळीवरून, पुढच्या दारानं. कुणाच्या तरी पायाला माझा पाय लागला, त्यानं पाय ओढून घेतला. चपला मागच्या दारात राहिल्या होत्या. अनवाणी फाटकाबाहेर पडले. मागून सान्वी रडल्याचा आवाज आला. वळले असते तर संपलं असतं. वळले न्हाई.

इथं थांबलं तर ऐकायला बरं वाटंल. पण खरी तकलीफ त्याच्या पुढं सुरू झाली.

बापूकडं गेले. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भावजयीनं पाट मांडला. मी भावाला ओवाळलं. त्यानं ताटात लुगडं टाकलं. आणि तोंडात करंजी असतानाच म्हणाला, "अक्का, चल, तुला सोडून येतो. दाजीच्या पाया पड. म्हणावं, डोकं फिरलं होतं." मी ते लुगडं पाटावर ठेवलं आणि निघाले.

डोंगरकड्याला सुमनकडं गेले. लेक गळ्यात पडून रडली. पण घर तिच्या सासूचं. सासू रोज सकाळी मला ऐकू जाईल असं विचारायची, "तुझी आई कधी चालली?" सुमन ऐकायची आणि पोळी करपायची. लेकीची पोळी करपताना बघवली न्हाई मला. एका सकाळी ती पाण्याला गेली तवा निघाले. तिच्या जुन्या चपला घालून.

कुठं जायचं? हिंगोलीलाच आले. दुसरं गावच माहीत नव्हतं. एसटी स्टँडवर बाकड्यावर बसले. दिवसभर गाड्या येत होत्या, जात होत्या, प्रत्येक गाडीला पाटी, प्रत्येक माणसाला गाव. हळदीच्या बाजारात काम मागायला गेले. बाया हळद निवडत होत्या, अंगभर पिवळ्या झालेल्या. मुकादमानं मला वरून खाली बघितलं. "आजी, ह्या वयात न्हाई झेपायचं. घरी नातवंडं खेळवा." मी हसले. वेडी समजला तो मला.

परत स्टँडवर. एका बाईनं जाता जाता माझ्या ओटीत केळं टाकलं. भिकारीण समजून. मी तिला हाक मारून परत देणार होते. तोंड उघडलं आणि केळंच खाल्लं. सालीसकट खाल्लं असतं इतकी भूक होती. खाल्ल्यावर जे रडले, ते मास्तरासाठी न्हाई, पोरासाठी न्हाई. कुणी काही टाकलं आणि मी खाल्लं ह्यासाठी. ताप भरला होता. मनात यायचं, अजून एक दिवस. मग परत जाऊ. मागची खोली तर मागची खोली. वर पत्रा तरी हाय.

खरं सांगते, मी निघाले होते. कॉलनीच्या रस्त्याला लागले होते. फक्त रस्त्यात एक शेळी आडवी पडलेली होती म्हणून थांबले.

त्याच वाटेवर, बाजारामागच्या गल्लीत, एका घरापुढं ती ओरडत होती. विताना अडलेली. करडाचा एक पाय बाहेर आलेला, दुसरा आत मुडपलेला. एक म्हातारी तिच्यापाशी बसून रडत होती. गोधड्या शिवणारी रजियाबी. तिचं नाव मला मग कळलं. मी काही विचारलं न्हाई. बसले. हात धुतला, तेल मागितलं, पाय आत ढकलून सरळ केला, करडू ओढून घेतलं. तोंडातला चिकटा काढला, फुंकर मारली. ते शिंकलं.

रजियाबीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "बाई, तुमी कुठल्या?"

"कुठलीच न्हाई."

"घर?"

"न्हाई."

"लेकरं?"

मी करडू पुसत राहिले. तिनं बादली सरकवली. "हात धुवा. अंग तापलंय तुमचं. चहा घ्या आधी."

त्या चहानं सगळं बदललं असं मी म्हणणार न्हाई. तसं होत न्हाई. तिची एकच खोली, पुढं छपरी. नवरा मेलेला, पोरं हैदराबादला, कधीमधी फोन. तिनं छपरीत मला जागा दिली. तिच्या बराबर गोधड्या शिवायला बसते. डोळ्यांना सुई दिसत न्हाई, ती ओवून देते. तिच्या बोटांत जोर न्हाई, जाड थरातून सुई मी ओढते. तिची शेळी मी वाट्यानं सांभाळायला घेतली. पिल्लं झाली की अर्धी तिची, अर्धी माझी. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं करडू हगवणीनं मेलं. मी ते कॅनॉलच्या कडेला पुरलं आणि दिवसभर तिथंच बसून राहिले. साठीला आलेली बाई. शून्यातून सुरू करते म्हणतात लोक. शून्य पण माझ्याकडं नव्हतं. गुडघे दुखत होते, ते होते. पावसाळ्यात छपरी गळते. रजियाबी नमाज पढते तवा मी बाहेर बसते आणि विचार करते, ही गेली तर मी कुठं?

आता दोन शेळ्या हायेत माझ्या. रोज सकाळी चारायला नेते. कॉलनीच्या पलीकडं पडीक रान हाय, बाभळी हायेत. रस्ता कॉलनीतूनच जातो. मास्तराच्या फाटकापुढून. पहिल्या दिवशी मी लांबून फेरा घालून गेले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले, काहून? रस्ता सरकारचा हाय. तवापासून सरळ जाते. खिडकीचा पडदा सरकतो. मी शेळ्यांना हाक मारते, माझ्या भाषेत, मोठ्यानं.

गेल्या महिन्यात बापू आला. छपरीत खाटेच्या कडेवर बसला, अंग चोरून. रजियाबीनं दिलेलं पाणी प्याला न्हाई.

"अक्का, दाजीनं पाठवलंय," म्हणाला. "लोक हसून राहिले. मास्तराची बायको दारावरून शेळ्या नेते म्हणून. त्यांचं नाक कापलं गेलं. ते म्हणतात, गावाकडं जा. गावातलं घर उघडून देतो. जे लागंल ते पाठवतो. पण हिंगोलीत राहू नको."

"अन् न्हाई गेले तर?"

बापूचा आवाज भिजला. ते नाटक नव्हतं, मला ठाऊक हाय. "अक्का, किती राहिलंय आता आपलं? शेवट तरी नीट कर. काही झालं तरी तू त्यांच्या नावाची हायेस. कपाळाला कुंकू हाय. सवाष्ण जाशील. हिरवं लुगडं नेसवतील, मळवट भरतील, दाजी पाणी पाजतील, अग्नी देतील. बाईच्या जातीला अजून काय पायजे?"

आमच्याकडं बाया ह्याच्यासाठी देवाला नवस करतात. नवऱ्याच्या आधी मरण यावं. हिरव्या लुगड्यात, भरल्या कपाळानं. माझी आई तशी गेली. मी पण तेच मागत आले होते, इतकी वर्षं, रोज, तुळशीपुढं. मागच्या खोलीत पण मागितलं. त्या माणसाच्या हातानं जळायचं मागत होते मी.

मी पदरानं कपाळ पुसलं. बापूसमोर. जोरात पुसलं, कातडी लाल झाली असंल. मग पोत काढली. दोरा जुना, लगेच तुटला. मणी मातीत पडले, शेळीनं हुंगले आणि तोंड फिरवलं.

बापू उठून उभा राहिला. "अक्का! तो जिता हाय!"

"मी पण जिती हाय," मी म्हणाले. "जाऊन सांग त्याला. त्याच्या नावाची मी न्हाई. गावाकडं जाणार न्हाई. त्याचं काही पाठवलेलं घेणार न्हाई. मी मेले तर त्यानं माझ्या मढ्याला हात लावायचा न्हाई. पाणी पाजायचं न्हाई. अन् तो मेला तर मला बांगड्या फोडायला बोलावू नका. माझ्या हातात त्याच्या नावाची बांगडी असणार न्हाई."

बापू गेला. परत आला न्हाई. येईल असं वाटत पण न्हाई. एकुलता एक भाऊ होता.

मी रजियाबीला सांगून ठेवलंय. सुमनला फोनवर सांगितलंय, ती रडली, मी रडू दिलं. मला हिरवं लुगडं नेसवायचं न्हाई. मळवट भरायचा न्हाई. रोज नेसते ते लुगडं असू द्या अंगावर, शेळ्यांचा वास येणारं. अग्नी सुमननं द्यावा. तिला सासरचे येऊ देणार न्हाईत तर गल्लीतल्या कुणीही द्यावा. प्रकाशनं यायचं असंल तर आधी लेकीला घेऊन इथं यावं, ह्या छपरीत, आणि तिच्यासमोर मला आई म्हणावं. तोवर त्यानं खांदा द्यायचा न्हाई.

सवाष्ण म्हणून मी मरणार न्हाई. विधवा म्हणून जगणार न्हाई. आणि पाय उचलतात तोवर हिंगोली सोडणार न्हाई.